ऐकल्याचं सुतक

सुधाकर माझ्या दारात हेल्मेट घालून उभा होता. काच खाली ओढलेली, आतून श्वासाचं धुकं धरलेलं. हातात एक लांब काठी, काठीच्या टोकाला परडी, परडीत जास्वंदीची फुलं.

"वैनी, फुलं. देवीला."

मी ओटीवर वाती वळत बसले होते. म्हटलं, "अरे, वर ये की. काठीवरून काय देतोस, मी वाघ आहे का?"

"नको. हाताला काजूचा चीक लागलाय."

"गाडी कुठे तुझी?"

"गॅरेजला."

"मग हे डोक्यावर?"

"सवय मोडू नये म्हणून," तो म्हणाला.

मी परडी उतरवून घेतली. सुधाकर आबांचा मुलगा, आणि आबा म्हणजे माझे चुलतसासरे. दोन दिवसांपूर्वीच त्यांना रत्नागिरीच्या इस्पितळात नेलं होतं. मी विचारलं, "आबा कसे आहेत?"

हेल्मेट जास्वंदीकडे वळलं. "शांत आहेत."

"तक्रार काही?"

"काही नाही."

"जेवले?"

"बंद केलंय."

"पेजसुद्धा?"

"सगळंच."

मला वाईट वाटलं. देवीचा अंगारा आणून पुडीत बांधला. "हा त्यांच्या कपाळाला लाव. आणि तूही लावून घे, काढ ते डोक्यावरचं."

तो एकदम दोन पावलं मागे सरला. "नको वैनी! वारा बाधतो." मग शर्टाचा खिसा दोन बोटांनी उघडा धरून म्हणाला, "वरून टाका." मी वरून पुडी टाकली. तो गेला. काजूच्या बागेतून एक हेल्मेट चालत निघालं होतं आणि दगडी गडग्यावर बसलेली माणसं त्याच्याकडे न बघता आभाळाकडे बघत होती.

हे असं का, हे कळायला आमच्या वाटेची गोष्ट सांगायला हवी.

आमचं कोंडवेळ समुद्रकाठचं. गावाला लागून सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, सड्याच्या टोकाला खडपाईचं देऊळ, आणि देवळामागून खाली समुद्रावर, खडकांमधल्या कोंडीत उतरणारी पायवाट. त्या कोंडीत गावाच्या होड्या लागतात, बायका खडकावरची कालवं काढतात, आणि आमच्या मयेकर भावकीत कुणी गेलं की त्याच्या सुतकाची अंघोळही तिथेच होते. पुढे सगळा सडा लष्कराच्या सरावासाठी गेला. त्याला आम्ही रेंज म्हणायचो. तारेचं कुंपण आलं, गेट आलं, तोफा आल्या. फायरिंग नसेल त्या दिवशी गाव कोंडीत उतरू शकत होतं. असेल त्या दिवशी लाल बावटा चढायचा आणि वाट बंद. पण ही मोकळीकही तात्पुरती होती. वाट ठेवायची की कायमची बुजवायची, हे ठरायचं होतं.

त्यासाठी शाळेत सभा भरली. एका बाजूला प्रांतसाहेब, दुसऱ्या बाजूला कर्नलसाहेब. आमचे सरपंच शांतारामभावजी उभे राहून म्हणाले, "साहेब, ही वाट देवीची. अख्खं गाव रोज तिच्या पायाशी जातं."

प्रांतसाहेबांनी चष्मा पुसत विचारलं, "देवळाला दार कुठल्या बाजूला आहे?"

भावजींनी मागे बघितलं. मागच्यांनी आणखी मागे बघितलं. कुणी पूर्व म्हणालं, कुणी पश्चिम. मी बायकांत अगदी कोपऱ्यात होते. माझा आवाज लहान, म्हणून उभी राहिले. "दार नाही साहेब. नुसती चौकट आहे. गुरं शिरू नयेत म्हणून मी आडवा बांबू घालते."

"तुम्ही रोज जाता?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. दिवा लावल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, असा नेम आहे."

तिथेच ठरलं. पास माझ्या एकटीच्या नावाने निघाला. रोज सकाळी, फायरिंग असो नसो, नऊच्या आत मी देवळापर्यंत जाऊन यायचं. कार्तिकात साहेब पुन्हा पाहणीला येणार. तोपर्यंत एक दिवस जरी खंड पडला तरी वहिवाट तुटली असं धरून कुंपण बंद. मग होड्या गेल्या, कालवं गेली.

सभेहून परत येताना शांतारामभावजी माझ्या मागून चालत होते. मला ठेच लागली, तर ते ओरडले, "वैनी, जपून! पाय गावाचा आहे."

त्या दिवसापासून मी माझी राहिले नाही. मी शिंकले की तीन घरांतून काढा यायचा. विहिरीवर मला कुणी दोर ओढू देईना. ज्या माणसांनी खडपाईला उभ्या जन्मात नारळ दिला नव्हता, ती पहाटे उठून माझ्या वाटेवरचे काटे वेचायची. मी गेटातून आत गेले की काजूच्या आडून पाच-सहा डोकी वर यायची, आणि मी देवळात वाकले की खाली जायची. देवी हसत असेल, असं मला वाटायचं. गेटावरचा नेगी हवालदार तर उघड हसायचा. तो गढवालकडचा, पन्नाशीला आलेला. मला माताजी म्हणायचा, माझ्याहून मोठा असून.

आमच्या आबांचं मात्र वेगळं होतं. ते रोज सकाळी काठी टेकत गेटाशी जायचे आणि शिपायांना शिव्या द्यायचे. "माझ्या बापाच्या सड्यावर माझाच रस्ता अडवता, मेल्यांनो!" नेगी स्टूल आणून द्यायचा. आबा त्यावर बसून उरलेल्या शिव्या द्यायचे, मग त्याच्या हातचा चहा पिऊन घरी यायचे.

पाहणी आठवड्यावर आली आणि आबांनी अंथरूण धरलं.

मयेकर भावकीची झोप उडाली. कारण आबा गेले तर सगळ्या भावकीला दहा दिवसांचं सुतक. सुतकात मी देवळाची पायरी चढणार नाही, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. मला कुणी विचारायलासुद्धा आलं नाही. माझ्या नेमधर्माला ते सगळे माझ्यापेक्षा जास्त घाबरायचे.

मग आबांची जी सेवा सुरू झाली! रत्नागिरीहून डॉक्टर आणला. पाळ्या लावून माणसं पाय चेपायला बसली. आबांच्या लगेच लक्षात आलं.

"शांताराम, पापलेट खावंसं वाटतं रे."

"आबा, डॉक्टरांनी..."

"बरं. मग डोळे मिटतो."

पापलेट आलं. दुसऱ्या दिवशी जिलबी आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी शांतारामभावजींना जवळ बोलावलं. दोघांच्या हद्दीवर एक फणस होता, त्यावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं. "तो फणस कोणाचा?"

"आबा, आत्ता हा विषय..."

आबांनी मान एका बाजूला टाकली.

"तुमचा! तुमचा फणस, आबा!"

"मोठ्याने बोल. यमुनेला ऐकू जाऊ दे."

यमुना म्हणजे मी, तिथेच त्यांच्यासाठी पेज ढवळत होते. आबा माझ्याकडे बघून एक डोळा मिटून हसले. "गावासाठी जगतोय गो. फुकट जगू काय?"

मी हसले. त्यांचा माझ्यावर जीव होता. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी त्या आडवाटेच्या देवळात रोज एकटीने जायला नको म्हटलं, तेव्हा आबाच म्हणाले होते, "जाऊ दे तिला. मी लांबून बघत राहीन." आणि पहिलं वर्षभर ते खरोखरच लांबून बघत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळातून परतत होते, तर आबांच्या घराकडून टेम्पो आला. पुढे ड्रायव्हर, मागे बाकावर शांतारामभावजी आणि सुधाकर, आणि मधे आबा ताठ बसलेले. पांढरी टोपी, गळ्याला मफलर, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या वेळचा काळा चष्मा. दोघांनी त्यांना काखेत घट्ट धरलं होतं.

"कुठे नेताय?" मी विचारलं.

"रत्नागिरीला," भावजी म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. "मोठ्या इस्पितळात. तुम्ही घरी जा वैनी, ऊन झालंय."

ऊन अजून माडांच्या खालीच होतं. मी पुढे होऊन पायावर डोकं ठेवणार, तर ड्रायव्हरने टेम्पो हलवला. "आबा, लवकर या," मी म्हटलं. आणि आबांनी हात केला. मला बाई भरून आलं. आयुष्यात त्यांनी कुणाला हात केला नव्हता, नुसता उगारला होता. मीही पदर सावरून हात केला, टेम्पो वळणाआड जाईपर्यंत.

त्यानंतरच्या दिवसांत गाव फार शहाण्यासारखं वागत होतं. सुधाकर हेल्मेट घालून फिरत होता. भावकीतले पुरुष दाढ्या वाढवून होते. घरात आमच्या ह्यांनी देवांची पूजा माझ्यावर सोपवली. "कंबर धरलीय, वाकवत नाही." रात्री पडवीत निजायचे, ताट लांबून सरकवून घ्यायचे. मी शेकायला विटकर गरम करून आणली तर म्हणाले, "तिथेच ठेव. माझी मी घेतो." बिचारे विटकरीकडे बघत बसून राहिले.

मी रोज देवळात दिवा लावून सांगत होते, "खडपाई, आबांना उठव. चालत घरी आण."

पाहणीचा दिवस उजाडला. त्या आठवड्यात रोज फायरिंग होतं, त्या दिवशीही लाल बावटा चढलेला होता. काजूच्या आड नेहमीपेक्षा जास्त डोकी होती. मी तेलाची बुधली आणि वाती घेऊन गेटाशी आले.

नेगीने पास बघितला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"माताजी, बाबाजी के लिए बहुत अफ़सोस हुआ."

मला वाटलं आजारपणाबद्दल म्हणतोय. मी म्हटलं, "देवी की कृपा से ठीक हो जाएंगे."

तो गोंधळला. मग हळूच वरच्या टॉवरकडे बोट केलं. "मैं ड्यूटी पर था. दूरबीन से देखा. उधर पलीकडच्या किनाऱ्यावर," आमच्यात राहून त्याचं असं मिसळलं होतं, "सब लोग थे. चिता थी. बेटे का सर मुंडा हुआ था." मग म्हणाला, "रोज गाली देते थे. अब गेट सूना लगता है."

माझ्या हातातून बुधली सुटली नाही. ती मी खाली ठेवली, गेटाच्या बाहेर, दगडावर. वातीही ठेवल्या.

काठी, चीक, हेल्मेट, विटकर. सगळं एकामागोमाग येऊन उभं राहिलं. आणि तो हात. तो कुणी वर केला होता?

रडायला नंतर वेळ होता. सुतक ऐकल्याक्षणी लागतं, आणि ऐकल्यावर अंगावरच्या वस्त्रानिशी अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. गावाने नेमकं हेच ओळखलं होतं. मला सांगायचं नाही. कानावर आलं नाही तर सुतकही नाही.

मी नेगीला म्हटलं, "मला समुद्रावर जायचंय."

"माताजी, पास मंदिर तक है."

"देवळात आज जाता येणार नाही. मैं मंदिर नहीं जाऊंगी. समुंदर जाऊंगी. नहाना है."

"नौ बजे फायर है. साहब लोग आ रहे हैं. आगे डेंजर एरिया है."

"मग मी इथेच उभी राहते. अंघोळ झाल्याशिवाय घरी जाता येत नाही, पाणी पिता येत नाही. और मुझे सुनाया किसने? आपने."

त्याने कपाळाला हात लावला. टॉवरकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग टोपी घालून म्हणाला, "चलिए. मैं साथ आता हूँ."

आम्ही देवळाशी आलो. चौकटीतून देवी दिसत होती, विझलेल्या दिव्यामागे. मी बाहेरूनच हात जोडले आणि पुढे निघाले.

काजूच्या बागेत हाहाकार उडाला. "वैनी आत नाही गेल्या!" "अगो, पुढे चालल्या!" गेटावर कुणीच नव्हतं, नेगी माझ्याबरोबर. शांतारामभावजी धोतर वर धरून धावत आत शिरले, आणि त्यांच्यामागून सगळी भावकी.

ती पोचली तेव्हा मी कमरेएवढ्या पाण्यात होते. भावजी काठावरून ओरडत होते, "वैनी, परत चला! अजून नऊ वाजायचे आहेत, एकदा नुसत्या वाकून या!"

मी वळले. जेवढा आवाज माझ्याकडे होता तेवढाच काढला. "आबा कधी गेले?"

लाट आली आणि गेली.

"टेम्पोत बसवलंत तेव्हा होते?"

भावजींनी मान खाली घातली. "पहाटेच गेले होते."

"मला पायावर डोकं ठेवू दिलं असतंत तर काय गेलं असतं?"

"वाट गेली असती वैनी," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

तेव्हा सुधाकरने हेल्मेट काढलं. आत गुळगुळीत डोकं, आणि त्याच्यावर घामोळं उठलेलं. तो इतके दिवस रडला नव्हता. रडला असता तर ऐकू आलं असतं. आता त्याने तोंड उघडलं आणि लहान मुलासारखा मोठ्याने रडला. रडत रडत तसाच पाण्यात आला. त्याच्यामागे आमचे हे आले, कंबर बिंबर विसरून. मग भावजी, मग एकेक करून सगळे. गुपचूप विहिरीवर घेतलेल्या अंघोळीने कुणाचंच समाधान झालं नव्हतं. बायका एकमेकींना धरून आबांच्या नावाने हाका मारत होत्या. पापलेट करून घालणारी तर सगळ्यांत जास्त.

त्या गदारोळात जीप आली. कर्नलसाहेब उतरले, प्रांतसाहेब उतरले. डेंजर एरियात अख्खी भावकी कपड्यांसकट पाण्यात, काठावर एक हेल्मेट, आणि त्याच्या शेजारी सावधान उभा राहिलेला नेगी.

प्रांतसाहेबांनी मलाच विचारलं, "आज पूजा झाली का?"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. भावजी पाण्यातूनच खुणा करत होते.

"नाही साहेब," मी म्हटलं. "आज नाही. आणि पुढचे काही दिवस मी देवळात जाणार नाही. सुतक आहे."

भावजींनी पाण्यात बुडी मारली. बराच वेळ वर आले नाहीत.

कर्नलसाहेब दक्षिणेकडचे. त्यांनी विचारलं, "सूतक मतलब?" प्रांतसाहेब सांगायला लागले. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की आपण अगदी पाण्याजवळ उभे आहोत, तेव्हा ते दोन पावलं मागे सरले आणि मग उरलेलं सांगितलं.

"मतलब, पास के बिना इतने लोग अंदर?" कर्नल म्हणाले. "और कोई मरेगा तो फिर आएंगे?"

"येणारच साहेब," मी म्हटलं. "पूजेचं मी कळवू शकते. ह्याचं कसं कळवणार?"

कर्नलनी भावजींकडे वळून विचारलं, "दो दिन पहले नोटिस दे सकते हो? फायरिंग का हम भी दो दिन पहले देते हैं."

पाण्यातून वर आलेले भावजी सरपंचकीच्या सवयीने म्हणाले, "प्रयत्न करू, साहेब."

कुणीतरी हसलं. मला वाटतं सुधाकरच. रडता रडता त्याला हसू फुटलं, आणि मग आमच्या ह्यांना, आणि मग सगळ्यांना. कर्नलसाहेब हसले नाहीत. ते पाण्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी नेगीला विचारलं, "बाबा वही? जो गेट पे बैठते थे?"

"जी साहब."

कर्नलनी वायरलेस मागून घेतला आणि म्हणाले, "होल्ड फायर." नऊ वाजले. तोफ वाजली नाही.

मग वाळूवरच त्या दोघांचं बोलणं झालं. प्रांतसाहेब म्हणत होते की नियमाप्रमाणे वहिवाट आज तुटली. कर्नल म्हणाले, देवळाची तुटली असेल, पण ही माणसं मेलेल्यासाठी कुणालाही न विचारता येणार, तारा कापून येणार, आणि एखाद दिवशी माझाच गोळा त्यांच्यात पडेल. त्यापेक्षा मला फोन आलेला बरा. वाट उघडी राहू दे, पासाशिवाय, सगळ्यांना. फायरिंगच्या वेळी बंद. आणि गावात कुणी गेलं तर फायरिंग बंद.

प्रांतसाहेबांनी ते तसंच मांडलं आणि पुढे ते तसंच मंजूर झालं.

सुतकाचे दिवस देवीचा दिवा नेगीने लावला. तो भावकीतला नव्हता, त्याला सुतक नव्हतं. मी चौकटीबाहेर उभी राहून सांगायची आणि तो बूट काढून आत वाकायचा. पहिल्या दिवशी त्याने वात इतकी मोठी केली की धुराने देवीचं तोंड काळं झालं. "माफ़ करना माताजी," तो देवीलाही म्हणाला आणि मलाही.

एक दिवस शांतारामभावजी माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. बराच वेळ त्याची खटपट बघत राहिले. मग म्हणाले, "वैनी, सुतकात दिवा दुसऱ्याकडून लावून घेतलेला चालतो?"

"चालतो. नेम सुरू असला की तसंच करायचं असतं. मी वाटेने येऊन बाहेर उभी राहिले असते, बाहेरच्या कुणीतरी लावला असता."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

भावजी तसेच घरी गेले. त्यांना तो फुकट गेलेला फणस आठवला असावा.

याला आता खूप वर्षं झाली. नेगी निवृत्त होऊन गावी गेला. शांतारामभावजी गेले. आमचे हेही गेले. कोंडवेळात आजही कुणी गेलं की पहिला फोन रेंजवर होतो, मग पै-पाहुण्यांना. सकाळपासून सड्यावर तोफा वाजत असतात. खिडक्यांची तावदानं हलतात, कोंबड्यासुद्धा आता दचकत नाहीत. आणि मग मध्येच एकदम सगळं थांबतं. पलीकडच्या गावांतले लोकही हातातलं काम थांबवून आमच्या दिशेने बघतात, म्हणतात, कोंडवेळात कुणीतरी गेलं. मी वाती बाजूला ठेवते, पदर खोचते, आणि कोण गेलं ते विचारायला बाहेर निघते.